खडखडाटातलं उत्तर

चंद्राचं पत्र दिवाळीनंतर पाचव्या दिवशी आलं होतं आणि संक्रांत तोंडावर आली तरी सावळारामांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र घरच्या पत्त्यावर न येता, ते ग्रंथपाल होते त्या वाचनालयाच्या पत्त्यावर आलं, तेव्हाच घरी कळू नये असं त्यात काहीतरी आहे हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी ते एकदा उभ्याने वाचलं, एकदा बसून वाचलं, आणि मग कपाटातल्या सगळ्यात वरच्या फळीवरच्या एका जाड कायद्याच्या ग्रंथात ठेवून दिलं. तो ग्रंथ पंचवीस वर्षांत कुणी मागितला नव्हता.

पत्र लहानच होतं. "मामा, आईला इकडं पूर्ण्याला कायमची आणावी म्हणते. पोरं लहान आहेत, ह्यांची शिफ्ट असते. आईचंही मन इकडंच आहे, पण ती तोंडाने कधी म्हणायची नाही. तुम्हाला एकट्याला जमेल, एवढं तुम्ही लिहिलंत तर ती येईल. जमणार नसेल तर तसं लिहा. मी रागवणार नाही."

चंद्रा त्यांची भाची. ती दोन वर्षांची असताना तिचे वडील वारले आणि आनंदीबाई, म्हणजे सावळारामांच्या अक्का, पोरीला घेऊन भावाकडे भिवंडीला आल्या. लग्न न झालेल्या भावाला दोन वेळचं जेवण मिळेल आणि आपल्याला आसरा, असा तो साधा हिशेब होता. पुढे भाचीचं लग्न होऊन ती दूर पूर्ण्याला गेली, अक्कांचे केस पांढरे झाले, आणि आसरा नेमका कोण कोणाला देतं आहे हे कोणी बोलून दाखवलं नाही तरी सगळ्या आळीला ठाऊक होतं.

सावळारामांना अठ्ठावन्नावं वर्ष चालू होतं. पुस्तकांच्या बाबतीत त्यांना कोणी हटकू शकलं नसतं. पुस्तकांच्या बाहेर मात्र अक्का. मासळी अक्का आणायच्या, दूधवाल्याशी अक्का भांडायच्या, शिंप्याकडे सदऱ्याची गळपट्टी घट्ट झाली हेसुद्धा अक्का सांगायच्या. एकदा त्या दोन दिवस तापाने पडल्या तेव्हा सावळाराम वांगी आणायला गेले आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. वांगीवाल्याकडे पोचण्याआधी तेलवाल्याने हाक मारली होती आणि त्याला नको म्हणता आलं नव्हतं.

म्हणून "जमेल" लिहिणं म्हणजे खोटं बोलणं होतं, आणि "जमणार नाही" लिहिणं म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी बहिणीला दावणीला बांधून ठेवणं. त्यांनी उत्तराचे नऊ मसुदे लिहिले आणि फाडले. त्यात पुन्हा पाकीट आणायला पोस्टात जायचं म्हणजे खिडकीशी उभं राहून माणसाशी बोलणं आलं. वाचनालयाचं टपाल शिपाई चिंधू टाकायचा. पण हे पत्र त्याच्या हाती दिलं असतं तर वाटेत घरी डोकावून "पूर्ण्याचं पत्र टाकाया चाललोय" असं अक्काला सांगितल्याशिवाय तो पुढे गेला नसता.

चिंधू आधी वीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होता. कान गेले तशी त्याने लूम सोडली आणि वाचनालयात लागला. सावळारामांना तो फार आवडे, कारण चारचौघांपुढे त्यांचं जे व्हायचं ते चिंधूपुढे होत नसे. बहिऱ्या माणसासमोर काय लाजायचं? ते बोलू लागले की चिंधू हातातला झाडू थांबवून त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत राही. आपल्याविषयी त्याला इतका आदर असावा याने सावळारामांना कधीकधी ओशाळल्यासारखं होई.

अशा दिवसांत वाचनालयाला पंचवीस वर्षं पूर्ण होत आली. सावळारामांच्या मनात जुन्या ग्रंथांचं एक छोटं प्रदर्शन होतं, शक्यतो कोणी बघायला येणार नाही असं. पण अध्यक्ष होते दौलतशेठ. खाडीकाठच्या जमिनी, सुताचा व्यापार आणि साठ लूम यांच्यातून वेळ काढून ते वर्षातून दोनदा वाचनालयात येत, तसे ते एका मंगळवारी आले आणि उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं. मुंबईला त्यांच्या ओळखीच्या माणसांचं एक मंडळ होतं, बाहेरदेशचे चांगले सिनेमे दाखवणारं. ते सिनेमा, मशीन आणि मशीन चालवणारा असं सगळं फुकट पाठवणार होते.

"एकच अडचन हाय," दौलतशेठ म्हणाले. "बोलनं तिकडचं, आन् खाली इंग्रजीत लिवलेलं येतं. आपल्या मानसांना ते कुटं वाचता येतंय? तुमी पडद्याच्या बाजूला बसा आन् मराठीत सांगत जा."

"मी?" सावळाराम म्हणाले.

"मंग कोन, मी?"

सावळारामांच्या "नाही"ला पोटातून ओठांपर्यंत यायला साधारण दोन दिवस लागत. दौलतशेठ दोन मिनिटांत निघून गेले.

मंडळाने सिनेमाच्या गोष्टीची चार पानं टाइप करून पाठवली होती. सावळारामांनी ती वाचायला घेतली तेव्हा एखादी लढाई किंवा निदान एखादा खून असेल अशी त्यांची कल्पना होती. तसं काहीच नव्हतं. बर्फाच्या कुठल्याशा देशातला एक उंच माणूस. पन्नाशीचा झाला तरी आईच्या पंखाखाली राहिलेला. आई जाते, आणि गावाची पंचायत त्याला एका लहान घरात नेऊन ठेवते. तिथे त्याच्यासारखीच आणखी दोघं असतात. एक टोपीवाली बाई, जी अनोळखी माणसाला उत्तरच देत नाही, आणि घड्याळं दुरुस्त करणारा एक टकलू, जो दाराबाहेर पाऊल टाकत नाही. आठवड्यातून एकदा एक बाई येऊन त्यांना रोजचे व्यवहार शिकवते. मग ती पंधरा दिवसांनी येऊ लागते, मग महिन्याने, मग येतच नाही. तिसऱ्या पानावर तो उंच माणूस पाव आणायला जातो. तीनदा दुकानाच्या दारापर्यंत जातो आणि तीनदा परत येतो.

सावळारामांनी पान मिटलं, उठून वाचनालयाचं दार लोटून घेतलं आणि परत येऊन पुढचं वाचलं.

त्यानंतर आठ दिवस ते निरूपण लिहीत होते. वही त्रेसष्ट पानांची झाली. वाचक गेले की ते कपाटांपुढे उभे राहून मोठ्याने वाचत आणि चिंधू समोर उकिडवा बसून ऐके, म्हणजे बघे. वाचता वाचता त्यांचं स्वतःचंही काहीबाही बोलून होई. मग ते गप्प होत, आणि चिंधू हळूच पुन्हा झाडू लागे.

त्याच आठ दिवसांत त्यांनी मनाशी एक पैज लावली. दहावा मसुदा त्यांनी लिहिला आणि एक शब्द कोरा ठेवला. "चि. चंद्रास आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. मला एकट्याला", आणि पुढे मोकळी जागा. शुक्रवारी लोकांपुढे बोलता आलं तर तिथे "जमेल" लिहायचं. तोंड उघडलं नाही तर "जमणार नाही" लिहायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. कागद घडी करून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

शुक्रवारी लूमला सुट्टी. वाचनालयाच्या खोलीत दाटीवाटीने ऐंशी माणसं मावत, आणि सावळारामांनी मनात चाळीसच धरली होती. पण दौलतशेठनी चौकातल्या फळ्यावर खडूने "विलायती सिनेमा, फुकट" एवढंच लिहवून घेतलं होतं. संध्याकाळी साडेसहाला चारशेच्या वर माणूस जमलं. त्यात बहुतेक लूमवरचे विणकर, कोकणातले, खानदेशातले, उत्तरेकडचे, आणि त्यांच्या मागे लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका. विलायती म्हणजे मारामारी असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"हितं न्हाय मावत," दौलतशेठनी खोलीत डोकावून ठरवलं. "माझ्या कारखान्याच्या आवारात चला."

आवार शेजारीच होतं, एका बाजूला पत्र्याचं कुंपण. दोन पन्ह्यांचं कोरं कापड शिवून पडदा केला गेला. पडद्याच्या उजव्या हाताला एक स्टूल, स्टुलापुढे माइक, आणि वही दिसावी म्हणून खांबाला एक दिवा टांगलेला. दिवा वहीवर पडण्याऐवजी नेमका सावळारामांच्या चेहऱ्यावर पडला. तो हलवा, असं सांगायचं त्यांच्या मनात आलं. तेही बाहेर आलं नाही.

बायकांत पुढेच अक्का बसल्या होत्या. इरकली लुगडं नेसून आल्या होत्या आणि शेजारच्या गुणाबाईला, जी तीस वर्षं कांड्या भरत होती, पुन्हा पुन्हा सांगत होत्या की भाऊ बोलणार आहे. त्यांच्या हातवाऱ्यांवरून ते सावळारामांना तिथूनही कळलं.

मशीन सुरू झालं. सावळारामांनी वहीचं पहिलं पान उघडलं. त्यात लिहिलं होतं, "आईच्या अंत्ययात्रेला मोजकी माणसं आली होती." पडद्यावर टोपीवाली बाई अंडी उकडत होती.

त्यांनी वही पाहिली, पडदा पाहिला, पुन्हा वही पाहिली. मशीनवाल्याकडे मान वळवली तर तो खाणाखुणा करून सांगत होता की पहिलं रीळ उलटं गुंडाळलेलं निघालं, म्हणून दुसरं लावलंय, पहिलं नंतर लावू. म्हणजे आई सगळ्यात शेवटी मरणार होती. त्रेसष्ट पानांतली पहिली एकवीस गेली. सावळारामांनी बाविसावं पान शोधायला घेतलं आणि घाईत एकदम चार पानं उलटली.

"ही," ते माइकमध्ये म्हणाले, "ही एक बाई आहे."

"दिसतंय," मागून कोणीतरी म्हणालं.

हशा झाला. "आवाज! मास्तर, आवाज!" अशा हाका आल्या. गावात पुस्तकं दिसली की माणसाला मास्तर म्हणायची पद्धत होती. सावळारामांनी माइक जवळ ओढला. तो किंचाळला. त्यांनी दूर ढकलला, मग काहीच ऐकू येईना. ज्यांना मारामारी हवी होती ते उठायच्या बेतात दिसले. दौलतशेठ पुढच्या खुर्चीत पाय हलवत होते, आणि तो पाय हलू लागला म्हणजे शेठ वैतागले, हे सावळारामांना चांगलं माहीत होतं. कोटाच्या खिशातला कागद छातीला टोचत होता. "जमणार नाही," त्यांनी मनात लिहून टाकलं, आणि उठून जायला स्टुलावरून एक पाय खाली घेतला.

त्याच क्षणी पत्र्यापलीकडच्या लूम सुरू झाल्या.

पत्र्यापलीकडचा कारखाना दौलतशेठच्या सख्ख्या भावाचा, काळूरामचा. वाटणीवरून दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. काळूरामला एक ऑर्डर पुरी करायची होती म्हणून त्याने सुट्टी मोडून शिफ्ट लावली, की भावाच्या आवारात गर्दी दिसली म्हणून लावली, हे सांगणं कठीण आहे. अठ्ठेचाळीस लूम एकदम खडखडायला लागल्या. पत्रा थरथरला, पडदा थरथरला, सिनेमातल्या माणसांचे आवाज बुडाले, माइक बुडाला. कोणीतरी दौलतशेठच्या कानाशी लागून, काळूरामशेठना सांगून येऊ का, असं विचारलं. दौलतशेठनी मान हलवली. सांगायचं तर आधी बोलायला हवं होतं.

सावळारामांनी पाय पुन्हा स्टुलावर घेतला.

त्यांना जे वाटलं ते सुटकेच्या पलीकडचं होतं. त्यांनी अंदाज घ्यायला तोंड उघडून एक वाक्य म्हटलं. त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं नाही. समोर चारशे माणसं, आणि एकाच्याही कानात आपला शब्द शिरत नाही! आता चूक झाली तरी कोणाला कळणार? त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि पडद्याकडे बघून सांगायला सुरुवात केली. निदान कर्तव्य म्हणून तरी ओठ हलवायला हवे होते.

आश्चर्य म्हणजे लोकही शांत झाले. उठायच्या बेतात असलेले खाली बसले. मारामारी नसली तरी सिनेमा लोकांना धरतो आहे, हे पाहून त्यांना बरं वाटलं. ते मोकळेपणाने बोलू लागले. टोपीवाली बाई कोण, टकलू दाराबाहेर का जात नाही, टेलिफोन वाजला की तिघंही त्याच्याकडे साप निघाल्यासारखे का बघतात. लोक हसत होते, अगदी योग्य जागी.

मग उंच माणूस पाव आणायला निघाला. दुकानाच्या दाराशी थांबला. परत फिरला.

"तो आत का जात नाही, हे तुम्हाला नाही कळायचं," सावळाराम म्हणाले. "मला विचारा. मी रोज पोस्टावरून जातो. रोज पायरीपर्यंत जातो. आत एक खिडकी आहे आणि खिडकीत एक माणूस आहे. तो काही वाघ नाही. पण तो 'काय पाहिजे' म्हणून विचारतो, आणि मला काय पाहिजे ते मला सांगता येत नाही."

उंच माणूस दुसऱ्यांदा निघाला होता. सावळारामांचं आता पडद्याकडे फारसं लक्ष नव्हतं.

"मला एक पाकीट पाहिजे. माझ्या भाचीचं पत्र आलंय. दिवाळी झाल्याझाल्या आलंय. ते मी कायद्याच्या पुस्तकात लपवून ठेवलंय. अक्काला तिच्याकडे जायचंय. मला ठाऊक आहे. ती नातवंडांचे कपडे शिवते आणि मला सांगते, शेजारणीच्या पोराचे आहेत. शेजारणीला पोर नाही. मी विचारत नाही, कारण विचारलं तर ती खरं सांगेल. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा मी, मासळी कशी घ्यायची ते मला येत नाही, म्हणून माझी बहीण तिच्या नातवंडांपासून लांब बसलीय."

समोर कोणी हसत नव्हतं. काही विणकर पुढे झुकून बसले होते. गुणाबाई अक्काच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सारखी बोलत होती. सिनेमा चालू असताना या बायकांना गप्पा कशा सुचतात, असं सावळारामांच्या मनात येऊन गेलं.

"खोबरेल तेलाच्या बाटल्या घरात चार आहेत," ते पुढे म्हणाले. "वांगं एकही नाही."

लोक पुन्हा हसले. पडद्यावर उंच माणूस बर्फात पडला होता, त्याला हसले असणार.

"आणि नाही म्हणता येत असतं तर मी इथे बसलो असतो का? दौलतशेठ आले, सांगून गेले. माणूस चांगला आहे. वाचनालयाच्या छपराला पत्रे त्यांनी घातले. पण पंचवीस वर्षांत अकरा पुस्तकं नेली आणि एक परत केलेलं नाही, हे मी त्यांना आजवर सांगू शकलेलो नाही."

आता तर आवार हसून लोटपोट झालं. दौलतशेठही आधी जोरात हसले आणि मग हळूहळू हसायचे थांबले. त्यांचा हलणारा पायही थांबला. पत्र्यावर कोपर टेकून काळूराम कधीचा बघत उभा होता, तोही हसत होता.

उंच माणूस तिसऱ्यांदा दुकानाशी आला, परत फिरला, आणि मग एकाएकी वळून आत गेला. पाव घेऊन बाहेर आला तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"अक्का जाऊ दे," सावळाराम म्हणाले. "मी उपाशी नाही मरणार. मरायला टेकलो तर जाईन मासळीबाजारात." बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, हे कोणाला ऐकू आलं असतं तर फार बरं झालं असतं.

मग पहिलं रीळ लागलं, आई मेली, अंत्ययात्रेला मोजकी माणसं आली आणि सिनेमा संपला. लूम चालूच होत्या. लोक जाताना सावळारामांपुढून एकेक करून गेले. कोणी हात जोडले, कोणी खांद्यावर थोपटलं, एका दाढीवाल्या बुजुर्ग विणकराने तर त्यांचा हात दोन्ही हातांत धरून डोळे पुसले. दौलतशेठ कानाशी येऊन ओरडले की पुस्तकं उद्या पाठवतो. कुठली पुस्तकं, हे सावळारामांना उमगलं नाही.

घरी जाताना अक्का भराभर पुढे चालत होत्या. सावळाराम मागून स्वतःशी हिशेब करत होते. बोललो खरं, पण कोणी ऐकलंच नाही. मग परीक्षा झाली की नाही? नाहीच झाली, असं त्यांनी ठरवलं. कोऱ्या जागेत काय लिहायचं तो प्रश्न होता तिथेच राहिला.

सकाळी उठले तर ओसरीवर गाठोडं बांधलेलं. शेजारी पत्र्याची पेटी. अंगणात टांगा उभा आणि चिंधू पेटीला दोरी आवळत होता.

"कुठं निघालीस?" सावळारामांनी विचारलं.

"पूर्ण्याला. चंद्राकडं," अक्का म्हणाल्या.

"कधी ठरलं?"

"काल. तूच तर बोललास, अक्का जाऊ दे म्हनून."

अक्कांनी शांतपणे सांगितलं की त्यांना स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं, गुणाबाई एकेक वाक्य कानात सांगत होती. कपड्यांचं, वांग्याचं, पोस्टाच्या खिडकीचं. सगळं.

"पण गुणाबाईला कसं ऐकू आलं? लूम चालू होत्या."

आता चिंधू पुढे आला. त्याने पहिल्यांदाच सावळारामांकडे थोडं दयेने पाहिलं.

"मास्तर, लूमवर कान कुनाचं चालतात? ऱ्हावून ऱ्हावून मानूस तोंड बघाया शिकतो. आमी सगळी ओठ बघून बोलतो. त्या खडखडाटात संसार केलेत लोकांनी. आन् काल तर तुमच्या तोंडावर दिवा व्हता."

"म्हणजे काल ते चारशे..."

"साडेचारशे व्हते. परप्रांतातल्यांना मराठी येत न्हाय, त्यांना शेजारचे हातानं सांगत व्हते."

सावळारामांच्या डोळ्यांपुढे वाचनालय आलं. वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाच्या दोन टोकांना बसलेले विणकर, हातात पेपर, आणि आवाज न करता हलणारे ओठ. बिचारे अक्षर अक्षर जुळवत वाचतात, असं त्यांना पंचवीस वर्षं वाटत आलं होतं. वार्षिक अहवालात त्यांनी त्याचा कौतुकाने उल्लेखही केला होता.

"ते वाचत नव्हते?" त्यांनी क्षीणपणे विचारलं.

"गप्पा मारतात," चिंधू म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी बसाया दुसरी जागा कुटं हाय?"

"आणि तू? मी कपाटांपुढे बोलत होतो ते?"

"मला दिवाळीपास्नं ठावं हाय. पत्र वरच्या फळीवर हाय, लाल पुस्तकात."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमीच पाटी लावलीय ना, शांतता राखा म्हनून."

सावळाराम आत गेले. कोटाच्या खिशातला कागद काढला, टाक घेतला आणि कोऱ्या जागेत "जमेल" लिहिलं. शब्दाची शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग बाहेर येऊन तो कागद त्यांनी टांग्यात बसलेल्या बहिणीपुढे धरला. ती तिकडे चाललीच आहे, तर पत्र हातोहात जाईल, एवढाच त्यांचा विचार होता.

अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माज्याकडं नगं. पोस्टात टाक."

"अगं, तू पत्राआधी पोचशील. मग पत्राचा काय उपयोग?"

"आसंल तो आसंल. मला वाचाया येत न्हाय. पोस्टातनं आलं तर चंद्रा वाचून दाखवंल, मंग मी मानीन."

टांगा हलला आणि पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने रस्त्याला लागला. चिंधू पेटी धरून मागे बसला. सावळाराम चपला सरकवून त्यांच्या मागोमाग चालू लागले.

पोस्टाची पायरी आली. टांगा रस्त्यापलीकडे थांबलेला त्यांना दिसला. ते पायरी चढले. आत शनिवारची गर्दी होती, पण रांगेतल्या दोघाचौघांनी त्यांना ओळखलं आणि रांग नकळत बाजूला झाली. पाहता पाहता ते खिडकीशी उभे होते.

"काय पाहिजे?" खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं.

सावळारामांचे ओठ हलले.

"काय?"

शेजारी उभ्या असलेल्या विणकराने त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं, "पाकीट मागत्यात. एक पाकीट."

खिडकीतल्या माणसाचा हात खणाकडे गेला.

"थांबा," सावळाराम म्हणाले. हात थांबला. रांगही थांबली. त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली. "मी सांगतो. मला एक पाकीट पाहिजे. पूर्ण्याला पाठवायचंय. माझ्या भाचीला."

हे इतक्या मोठ्याने झालं की तारेच्या टेबलावरच्या माणसानेही वर पाहिलं. पूर्ण्याचं आणि भाचीचं कोणी विचारलं नव्हतं, पण ते सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं.

पत्ता लिहून, डिंकाने बोटं चिकट करून ते बाहेर आले. पायरीशेजारी तांबडी पेटी होती. मागच्या गल्लीतल्या लूम सुरू झाल्या होत्या आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सावळारामांनी पाकीट फटीत घातलं. अर्धं आत गेलं. आणि मग त्यांची बोटं तिथेच राहिली. डिंकामुळे असेल, किंवा डिंकामुळे नसेल.

त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. अक्का टांग्यातून वाकून त्यांच्याकडे बघत होत्या. त्या काहीतरी बोलल्या. खडखडाटात शब्द पोचणं शक्य नव्हतं. सावळारामांनी डोळे बारीक करून त्यांच्या ओठांकडे पाहिलं, चिंधू पाहतो तसं.

"सोड," अक्का म्हणत होत्या.

त्यांनी सोडलं.